बारदान वजा जाता

आज माझा घेर पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एके काळी माझं वजन वाढत नाही म्हणून लातूरचं एक घर आणि नांदेडचं एक घर एकमेकांचं तोंड पाहीनाशी झाली होती. नात्यात कुणाला दिवस गेले की मुली मला ती हकीकत सांगायला बसवतात. मी सांगते, आणि दर वेळी माझा वेडेपणा थोडा थोडा कमी करत जाते. आता लिहायला घेतलं आहे तर सगळा घालते.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. लांब कुठंतरी मोठी लढाई चालू होती आणि तिच्यापायी आमच्याकडे लेव्ही लागली होती. धान्याचा ठरलेला हिस्सा सरकारात घालायचा, आणि घरात किती दडवलं ते बघायला सरकारी माणसं कधीही दारात. माझं सासर लातूरच्या गंजातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, आडतीचं. शेतकऱ्याचा माल तोलून विकून द्यायचा, हा धंदा. त्या दिवसांत आमच्या घरात संशय मिठासारखा रोज लागायचा. नवं माणूस दिसलं की बायका आधी कोठीच्या खोलीची कडी लावत आणि मग पाणी विचारत.

या कारभारावर सासूबाईंचा हात होता. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. उंच, काटक, बोलणं तुटक. औसा आणि रेणापूर यांच्यापलीकडे त्यांनी जग पाहिलेलं नव्हतं, पण आडतीच्या मागच्या खिडकीतून तराजूची दांडी बघून माल किती भरला ते सांगायच्या. पोत्यासकट तोललेल्या मालातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं असतं. त्याला बारदान म्हणतात. मामंजी घाईत असले की आतून आवाज यायचाच, "बारदान धरलं का?" शेतकरी हसायचे आणि मामंजींच्या मिशा पडायच्या.

अशा घरात माझ्या वजनाचा घोटाळा झाला.

त्याआधीचं एक सांगायला हवं. माझं पहिलं बाळंतपण लातूरलाच आठव्यात झालं आणि मूल दोन दिवस जगलं. सुईण हात पुसत म्हणाली होती, "वजनच नव्हतं लेकराला." तेव्हा आमच्याकडची रीत अशी की पाचवा सरला की पोटुशीचं ताट कमी करायचं. मूल मोठं झालं तर अडेल, ही भीती. रीतीप्रमाणे माझं ताट कमी झालं होतं. ते कुणी केलं हे घरात कुणी बोललं नाही. आत्याबाईही बोलल्या नाहीत. पण सुईणीचं ते वाक्य त्यांच्या आत कुठंतरी अडकून बसलं असावं, कारण दुसऱ्या वेळी मला चौथा लागला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईला त्यांनी स्वतःहून निरोप धाडला. बोलावलं त्यांनीच, आणि ती उंबऱ्यात आली तशी कोठीची कडीही त्यांनीच लावली.

नर्सबाई हैदराबादेकडची. पांढरं लुगडं, पायात बूट, काखेत कागद. आमच्या दृष्टीनं यातली शेवटची वस्तू सगळ्यात वाईट. तिनं माझी पापणी ओढून पाहिली, पायाला बोट दाबून सूज पाहिली, आणि मग मांडी घालून लिहायला बसली.

"हिची खुराक सांगा. दूध किती घेते?"

"कशाचं दूध, बाई," आत्याबाई म्हणाल्या. "म्हैस आटली."

तेवढ्यात मागच्या गोठ्यातून म्हैस मोठ्यानं ओरडली. नर्सबाईनं वर पाहिलं.

"शेजाऱ्याची हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"दाळ?"

"सणासुदीला."

"तूप?"

"वास बी न्हाई."

"तांदूळ, गहू?"

"आमी तर रूपच इसरलो त्याचं."

"मग खाते काय ही?"

"भाकरी अन् चटणी. गरिबाचं घर हाय." हे सांगताना त्यांच्या हातातले सोन्याचे गोठ एकमेकांवर आपटून वाजत होते.

नर्सबाईनं सगळं उर्दूत लिहून घेतलं. मी खाली मान घालून बसले होते. मला हसू येत होतं, आणि आपल्या सासूनं सरकारला कसं बनवलं याचा अभिमानही वाटत होता. त्या कागदावर माझंच जेवण लिहिलं जातंय हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

लिहून झाल्यावर नर्सबाई माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ बेटी, डरना नक्को. पाचवा सरला की ताट कमी करतात ना तुमच्यात, ते करायचं नाही. पोट उपाशी ठेवून बाळंतपण सोपं होत नाही. मूल कमजोर होतं, आईच्या अंगात रक्त राहत नाही. आणि दोन जिवांची म्हणून दोन गड्यांचं जेवणही नको. थोडं थोडं, चार-पाच वेळा. घट्ट वरण, पालेभाजी, दूध, शेंगदाणे आणि गूळ. वजन हळूहळू वाढलं पाहिजे. एकदम नाही, पण वाढलं पाहिजे." मग आत्याबाईंकडे बघून म्हणाली, "आज तोलून ठेवू, म्हणजे पुढं कळेल. दवाखान्यात काटा नाही. तुमच्याकडे तर मोठा तराजू आहे."

"मानूस तोलतेत का? पोतं हाय का ती?"

"वजन कळल्याबिगर वाढलं का नाही, कसं कळणार?"

वजन हा शब्द आल्यावर आत्याबाईंनी हातातले गोठ मागं सारले. मग म्हणाल्या, "गंज बंद आसल तवा."

दोन दिवसांनी दुपारी गंज बंद होता. पण बंद असला म्हणून काय झालं? आडतवाल्याची सून आडतीवर जायची म्हणजे चार डोळे कुठून तरी बघणारच. आत्याबाईंनी मला सगळं घालायला लावलं. पायात चांदीचे तोडे, तेही भरीव. कमरेला रुंद पट्टा. दंडात वाक्या, हातात पाटल्या आणि गोठ, गळ्यात सरी आणि पुतळ्यांची माळ. "बोडक्या अंगानं गेलीस तर लोक म्हनतील आडत बसली यांची," त्या म्हणाल्या. मी पारड्यात मांडी घालून बसले तेव्हा दांडी करकरली. मला वाटलं माझ्या वजनानं.

मामंजी वजनं टाकायला उभे होते. पण सून समोर, तीही पोटुशी, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे. हात मागं करून चाचपत एकेक वजन टाकायचे. मापाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ," असं म्हणून त्यांनी मणाचं वजन ठेवलं आणि मग शेर मोजत गेले. आत्याबाईंचं दांडीकडे लक्ष नव्हतं. त्या माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळण्यात गुंतल्या होत्या. असा हा तोल झाला. तोलणारा भिंतीकडे बघतोय, तपासणारी मिरच्यांकडे, आणि मी दागिन्यांसकट पारड्यात. नर्सबाईनं लिहिलं: एक मण नऊ शेर. मण म्हणजे चाळीस शेर, आणि शेर आजच्या किलोहून जरा कमी. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाळंतपणाला जाशील तिथं दाखव."

तिनं दर महिन्याला बोलावलं होतं. आत्याबाईंनी पाठवलं नाही. "एकदा तोललं, लई झालं."

पण नर्सबाई गेल्यावर घरात जे सुरू झालं ते कुणाला सांगून पटलं नसतं. रोज दुपारी आत्याबाई मला डोळ्यांनी खुणावायच्या. मी कोठीच्या खोलीत जायचे. त्या आतून कडी लावायच्या आणि अंधारात मला वाडगाभर घट्ट वरण द्यायच्या, वर तूप. आटलेल्या म्हशीचं दूध. आणि शेवटी एक लाडू, काळसर, जरा कडू. "खा. बोलू नको कुनाला." नजर लागू नये म्हणून अंधार आणि लेव्हीला कळू नये म्हणून कडी. मी पोत्यांच्या थप्पीला टेकून खायचे आणि तोंड पुसून बाहेर यायचे. चोरून खाल्लेलं अन्न अंगी लागतं की नाही, अशी एक शंका तेव्हापासूनच मनात होती.

सातवा लागला आणि मी माहेरी निघाले. लातूर ते नांदेड सर्विस मोटार. वाटेत मोटारी अडवल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या, म्हणून आत्याबाईंनी मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्या ठेवून बाकी सगळं काढून घेतलं. लाडवांचा एक मोठा डबा मात्र मांडीवर दिला. "रोज एक. इसरू नको."

नांदेडला वडील कचेरीत पेशकार होते. माणूस शांत, खाण्याचा शौकीन, घरात फारसं न बोलणारा. त्यांच्या वाटचं आई बोलायची. मोटारीतून उतरल्याबरोबर तिनं माझे रिकामे हात पाहिले, रिकामे पाय पाहिले, आणि लाडवांचा डबा काढून घेऊन पुढं चालू लागली. तिचं ते चालणं मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वडीलही बरोबर आले. त्यांच्या दवाखान्याला लागून रुईची वखार होती आणि कापसाच्या गाठी तोलायचा लोखंडी काटा वखारीच्या दाराशी होता. माणूस तोलायचा असला की डॉक्टरीणबाई तिथंच आणायच्या. मी साध्या सुती लुगड्यात काट्यावर उभी राहिले. एक मण दहा शेर.

डॉक्टरीणबाईंनी लातूरचा कागद पाहिला. पुन्हा काटा पाहिला. "तीन महिन्यांत एक शेर?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"पहिल्या वेळी मूल का गेलं होतं?"

"वजन नव्हतं," मी म्हणाले.

"हे असंच चाललं तर हेही हलकंच होईल. काय खात होतीस तिकडे?"

मी सांगितलं. वरण, तूप, दूध, लाडू, पालेभाजी. त्यांनी कागद वडिलांकडे दिला, कारण खुराकाचं उर्दू बारीक होतं. वडिलांनी चष्मा लावून कचेरीत पुकारा करावा तसं वाचलं. "ज्वारी की रोटी. चटनी. दूध नहीं. घी नहीं. दाल, त्योहार के दिन."

पुढं वाचायला काही नव्हतं. आई वखारीच्या पायरीवरच बसली.

"मी खरं सांगते आई, ते सगळं खोटं लिहिलंय," मी म्हणाले.

"सरकारी कागद खोटा अन् तू खरी?" आई म्हणाली. "तिनं शिकवून धाडली तुला. अंगावरचं काढून घेतलं, पोटातलं काढून घेतलं, आता जीभ बी काढून घेतली का?"

मी खूप सांगितलं. पण कोठीत, कडी लावून, अंधारात, कुणी न पाहता मला तूप मिळत होतं, हे माझ्याच तोंडून मला खोटं ऐकू येऊ लागलं. आणि एकदा संशयाची वाट मोकळी झाली की तो माझ्यासारखीच्या डोक्यात बैलगाडीनं येत नाही, मोटारीनं येतो. खाल्लं तर होतं. मग वाढलं का नाही? अंधार का? कडी का? लाडू कडू का? पहिल्या वेळी माझं ताट कुणी कमी केलं? मूल मोठं झालं की अडतं, असं कोण म्हणायचं? तिसऱ्या दिवसापर्यंत माझी खात्री झाली होती की आत्याबाईंनी लाडवात मूल लहान राहायचं काहीतरी घातलंय. ज्या बाईनं मला रोज भरवलं तिच्याबद्दल मी हे ठरवलं, आणि ते ठरवताना मांडीवर आईनं दिलेल्या शेवयांची वाटी होती.

मी लाडू बंद केले.

आईनं डबा तपासायचं ठरवलं. पहिला लाडू कावळ्याला ठेवला. कावळा आला, मान वाकडी करून बघून उडून गेला. "पाहिलंस?" आई म्हणाली. वडील म्हणाले, "दोन घास पोळी ठेवली असती तरी तो असाच गेला असता. दे इकडे." आई नको नको म्हणेपर्यंत त्यांनी अर्धा खाल्ला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांना काही झालं नाही. "पण एका लाडवानं काय कळणार?" ते म्हणाले. "हळूहळू भिनणारं असेल तर?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तपासणी केली. तिसऱ्या दिवशी दोन घेतले. कचेरीत जाताना कोटाचं बटण लागेना तेव्हा आई म्हणाली, "आता बस झालं तपासणं." डबा अर्धा झाला होता.

इकडे आईनं मला धरलं. पहाटे दूध, मग शिरा, मग केळी, मग पोळ्यांची चळत. विष्णुपुरीकडची गवळण दुधात पाणी घालते हा आईचा जुना संशय. आता आई तिला आपल्यासमोर धार काढायला लावायची. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." मी दोन दिवस खाल्लं आणि तिसऱ्या दिवसापासून छातीत जळजळ, ओकाऱ्या, ताट पाहिलं की अंगावर काटा. डॉक्टरीणबाई आईवर रागावल्या. "पोतं भरताय का? हिला थोडं थोडं द्या. कोंबलेलं सगळं बाहेर येतं." पण मला थोडंही जाईना. घास घेतला की पहिल्या बाळाची मूठ आठवायची. त्याला फक्त मूठ वळता येत होती. तेवढंच काय ते त्याला आलं.

मग पत्र गेलं. आईनं सांगायचं आणि वडिलांनी लिहायचं. आई म्हणाली, "लिहा, आमच्या लेकीला तुम्ही उपाशी ठेवलं." वडिलांनी लिहिलं, "चिरंजीव सौभाग्यवतीची प्रकृती किंचित अशक्त वाटते." आई म्हणाली, "लिहा, दागिन्यांचं काय केलंत?" वडिलांनी लिहिलं, "आपल्याकडील सर्व मंडळी खुशाल असतील." आईला वाचता येत नव्हतं, पण लिहायला किती वेळ लागतो ते तिला कळायचं. "मी एवढं बोलले अन् तुमची एकच ओळ?" असं म्हणून तिनं पत्र ओढून माझ्या हातात दिलं. "तू लिही. तुझ्या हातानं."

आणि मी लिहिलं. आजही ती ओळ पाठ आहे. "लाडवांत काय घातले होते ते कृपा करून कळवावे."

कृपा करून, असंही लिहिलं मी.

उत्तर आलं नाही. बारा-तेरा दिवसांनी दुपारी आत्याबाईच आल्या. सर्विस मोटारीतून, एकट्या. औशापलीकडे न गेलेली बाई, डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी, धुळीनं पांढरी झालेली. आईनं दार उघडलं आणि दाराला धरून उभी राहिली.

"या विहीणबाई."

"बसायला न्हाई आले, विहीणबाई. कळवायला आले." त्यांनी गाठोडं ओसरीवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि बोटं मोजायला लागल्या. "शेंगदाने. गूळ. तीळ. डिंक. अन् मेथी, म्हनून कडू. लिहून घे सूनबाई, तुला लिहायची हौस हाय."

मी जमिनीकडे पाहत होते. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग पोरीचं वजन का वाढलं न्हाई?" आई म्हणाली. "तीन महिन्यांत एक शेर!"

"येक शेर?" आत्याबाईंचा चेहरा उतरला. पत्रात वडिलांनी आकडा लिहिलाच नव्हता. त्या मटकन खाली बसल्या. "येवढं घालून येकच शेर?" क्षणभर त्या म्हाताऱ्या दिसल्या. मग डोळे बारीक झाले. "कुठं तोललं? कुनाचा काटा हाय? चल, माझ्यापुढं तोल."

"आमच्या गावचा काटा खोटा म्हणता का?"

"मी कुनालाच खरं म्हनत न्हाई, विहीणबाई. आमचा धंदा हाय."

आम्ही चौघं वखारीकडे निघालो. वडील मागं, गाठोडं त्यांच्याकडे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आत्याबाईंनी त्यांच्याशी एक शब्द न बोलता पिशवीत हात घातला आणि लोखंडाची पासरी काढली. पाच शेरांचं, सरकारी शिक्क्याचं वजन. ते त्यांनी लातूरपासून मांडीवर आणलं होतं. काट्यावर ठेवलं. काटा बरोबर पाचावर आला. त्यांनी पासरी दुसऱ्या कोपऱ्यावर सरकवली. पुन्हा पाच. काटा खरा होता. आणि काटा खरा आहे म्हणताच त्यांनी पासरी उचलून पोटाशी धरली, कारण आता दुसरा बहाणा उरला नव्हता.

"चढ," त्या मला म्हणाल्या.

मी चढले. एक मण दहा शेर आणि वर थोडं. तीन आठवड्यांत नुसतं थोडं.

त्या काट्याभोवती फिरल्या. मालाच्या गाठीकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं, वरून खाली. डोकं, हात, कंबर. नजर माझ्या पायांवर थांबली. काट्याच्या लोखंडावर माझे उघडे पाय होते.

"तोडे कुटं हायती तुझे?"

"तुम्हीच ठेवून घेतले ना, आत्याबाई."

"अन् पट्टा?"

"तोही."

"त्या दिशी गंजात होते अंगावर?"

"होते की. तुम्हीच घातलेत."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "अगं माझे माय! बारदान! बारदान न्हाई धरलं गं कुनी!"

आईला काही समजेना. डॉक्टरीणबाईंनाही समजेना. वडिलांना समजलं, कारण गाठोडं त्यांच्या हातात होतं आणि ते जड होतं. त्यात माझे सगळे दागिने होते. उद्या हे लोक दागिन्यांचंही बोलतील, म्हणून आत्याबाईंनी लुटारूंच्या वाटेनं, जुन्या लुगड्यात बांधून, डोक्यावर ठेवून ते आणले होते. गाठोडं सोडून त्यांनी तोडे, पट्टा, वाक्या, सगळं काट्यावर ठेवलं आणि लुगडं हातात धरलं.

चार शेर.

"येक मन नऊ मधून चार काढा," त्या म्हणाल्या. "येक मन पाच. तिथून हिकडं दहा." आणि मग बोटं न मोजता, अगदी हळू, "पाच शेर वाढली माझी सून."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर खाडाखोड केली. पाच शेर म्हणजे बरं आहे, चांगलंच आहे, असं त्या म्हणाल्या. मग तोच कागद आत्याबाईंपुढे धरला. "आणि हे? रोटी आणि चटणी?"

"ते मी खोटं सांगितलं," आत्याबाई म्हणाल्या.

"का?"

"लिहून घेनाराला खरं कोन सांगतं, बाई?"

"अहो, मी याच कागदावरून हिला काय द्यायचं ते ठरवत होते!"

"मला काय ठावं? म्या म्हनलं दाळ सांगितली की दाळ न्यायला येतीन."

आईला पहिल्यांदा हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. परत येताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "दागिन्यांचं कळलं. पण अंधारात कामून खाऊ घालत होती?"

आत्याबाईंचे कान आडतीच्या खिडकीवर तयार झालेले. "उजेडात घालते, विहीणबाई. बघा."

त्या बाळंतपण होईपर्यंत राहिल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं, खिडकी उघडी, आणि त्या रोज ओसरीवरून दिसेल अशा बसून माझ्यासाठी वरण घोटायच्या. आई समोर बसून बघायची. आई भाजी करायची तेव्हा आत्याबाई बघायच्या. तिनं जास्त वाढलं की म्हणायच्या, "डॉक्टरीण काय म्हनली? थोडं थोडं." त्यांनी लाडू दिला की आई म्हणायची, "मेथी जरा जास्त झाली नाही का?" दोघींचा एकमेकींवर तिळाएवढाही विश्वास नव्हता, आणि त्यापायी माझ्या ताटात काही चुकायला जागाच उरली नाही. जे यायचं ते दोनदा तपासून यायचं. उरलेल्या लाडवांचा डबा आत्याबाईंनी मागितला तेव्हा वडील कचेरीत जायची घाई करू लागले. डब्यात फक्त तीळ होते.

माझ्या त्या ओळीबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत. एकदा मीच विषय काढला. त्या पाटावर पालेभाजी निवडत होत्या. "आत्याबाई, मी लिहायला नको होतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "पैल्या खेपेला म्या तुझं ताट कमी केलं हुतं," त्या म्हणाल्या. "तवा कुनी तरी इचारायला पायजे हुतं मला, काय घालून ऱ्हायलीस म्हनून." मग एक देठ मोडून बाजूला टाकला. "तू इचारलंस ते बरं केलंस. जरा उशिरा केलंस."

नववा भरला आणि मुलगी झाली. ती रडली तेव्हा दाराबाहेर दोघी विहिणी एकदम उठल्या असं सुईण सांगत होती. वडिलांनी वखारीतून लहान तराजू मागून आणला, कारण आत्याबाई मोठ्या काट्यावर मूल ठेवू देईनात. एका पारड्यात दुपट्यात गुंडाळलेली पोर. आत्याबाई समोर बसल्या. वजन त्यांनी दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही.

"लाभ," त्या म्हणाल्या आणि पहिला शेर ठेवला. दांडी हलली नाही.

"दोन." नाहीच.

"तीन."

दांडी उठली, डगमगली, आणि पोरीची बाजू खाली राहिली. आई ओरडली, "तीनच्या वर! तीनच्या वर आहे!"

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "दुपटं काढा तिचं."

"अहो, गारवा लागेल!"

"बारदान धरल्याबिगर मी मानत न्हाई."

दुपटं काढलं. उघडी, लालबुंद, हातपाय झाडणारी पोर पारड्यात ठेवली. दांडी हळूहळू सरळ झाली आणि तिथं थांबली. तीन शेर, पोरीचे स्वतःचे. आत्याबाईंनी दांडीकडे एका बाजूनं पाहिलं, मग उठून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मग आईला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी बी बघून घ्या येकदा."